लोखंडावर पडलेला खडा

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. मुलाजवळ नाही, देवाजवळही नाही. बायको जाऊन चार वर्षं झाली. तिच्या शेवटच्या महिन्यात दोनदा अगदी तोंडाशी आलं होतं — पण ती भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असायची, आमच्या ह्यांच्या हाताला यश आहे, ह्यांनी हात लावला आणि पाणी आलं नाही असं कधी झालं नाही. मरणाऱ्या बाईकडून तेवढं एक वाक्य काढून घ्यायचं का? मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर तिच्यासाठी नाही बसलो. मला ते वाक्य ऐकायला आवडायचं.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसंही दिसत नाही. हा कागद मी तीनदा फाडलाय.

मी डहाणूजवळच्या मसोलीचा. वय शहात्तर. बोअर साफ करणं हा माझा धंदा होता. बोअर मारणारे वेगळे — ते मोठी गाडी घेऊन येतात, दिवसभर धुरळा उडवतात आणि भोक पाडून निघून जातात. आम्ही त्यांच्या मागून दहा-पंधरा वर्षांनी येणारे. आपल्याकडच्या काळ्या दगडातलं पाणी येताना चुना घेऊन येतं. पाणी तापवायच्या हीटरवर पांढरी खपली धरते ना, तीच. आमच्या धंद्यात तिला खार म्हणायचे. हा खार बोअरच्या भिंतीला बसतो, पंपाच्या पाइपांना बसतो, आणि दगडातल्या ज्या फटींतून पाणी येतं त्या फटींच्या तोंडाशीही बसत जातो. हळूहळू, कोणाला कळू न देता. मग एक दिवस कितीही हापसलं तरी कळशी भरत नाही आणि लोक म्हणतात, बोअर आटली. बहुतेक वेळा ती आटलेली नसते. पाणी तिथेच असतं, त्याला वाट नसते.

हे शेवटचं वाक्य मी चिकूच्या वाड्यांत, शाळांच्या आवारात, पाड्यापाड्यांत इतक्या वेळा बोललोय! लोक माना डोलवायचे. मला वाटायचं, आपण मोठं काहीतरी बोलतो.

काम कसं करायचे तेही सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आधी हातपंप उतरवायचा. मग तारेचा ब्रश पाइपांच्या टोकाला जोडून खाली सोडायचा आणि भिंती घासायच्या. ब्रश म्हणजे चार फुटांचा जाड लोखंडी दांडा, त्याच्या सभोवार पोलादी तारांचे झुपके. त्यानंतर अ‍ॅसिड. काही तास थांबायचं. मग कंप्रेसरने हवा मारून सगळा गाळ वर फेकायचा, आणि लिटमसचा कागद लाल व्हायचा थांबेपर्यंत पाणी उपसत राहायचं. यात एक नियम असा की आत सोडलेल्या प्रत्येक हत्याराला पाइपांशिवाय वेगळा तारेचा दोर बांधायचा. पाइप निसटला तरी दोर हातात राहतो. हा नियम मला कोणी शिकवला नव्हता. मीच केला होता. जोडीदार एकदा दोर बांधायला विसरला तेव्हा मी त्याला चार माणसांत शिव्या घातल्या होत्या.

मुद्द्यावर येतो. येत नाहीये — दिसतंय ना तुम्हाला?

तलासरीच्या बाजूला, झरीच्या पुढे, वारल्यांचा एक पाडा आहे. पंचवीस-तीस घरं. नाव लिहीत नाही. तिथे रुपजी राहायचा. रुपजी पाणाडी होता, म्हणजे जमिनीखाली पाणी कुठे आहे ते सांगणारा. पाणाडी मी पुष्कळ पाहिले. कोणी तळहातावर नारळ धरून चालतो, कोणी उंबराची दुबेळकी फांदी घेतो. रुपजीची रीत निराळी होती. ऐन उन्हाळ्यात जमीन पार कोरडी झाली की तो पाच-सहा जागा निवडायचा. प्रत्येक जागी मूठभर सुके तांदूळ ठेवायचे, वर मातीचं मडकं पालथं घालायचं आणि कडेने शेण लिंपून टाकायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मडकी उचलून एकेका जागेचा दाणा दाढेखाली धरायचा. दाणा कट्‌ वाजला तर जागा कोरडी. वाजला नाही, नुसता दबला, तर खाली पाणी. एवढंच. मी स्वतःला मशीनवाला माणूस समजायचो, पण मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. ओल वर येते, तांदूळ ती ओढून घेतो. सरळ आहे.

हे लक्षात ठेवा — मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

पाड्यातली बोअर त्यानेच दाखवलेली. एकशे चाळीस फुटांवर पाणी लागलं, भर मे महिन्यातही शंभर-सव्वाशे फुटांवर टिकून राहायचं. त्याआधी बायका नदीपर्यंत जायच्या, वाळूत झिरा खणून वाटीवाटीने हंडा भरायच्या. हातपंप बसल्यावर पाड्यात एक नवीन रीत पडली. नवं भात घरात आलं की देवाला दाखवल्याशिवाय कोणी खायचं नाही, हे तर सगळीकडेच आहे. इथे ते भात शिजवायला लागणाऱ्या पाण्याचा पहिला हंडा रुपजीने हापसायचा. मी एकदा पंपाचं वायसर बदलायला गेलो होतो, नेमका तोच दिवस निघाला. म्हातारा धुतलेला सदरा घालून आला. अंगाने काटकुळा, पंपाच्या दांड्याबरोबर तोच वर-खाली होत होता. पोरी मागून ओरडत होत्या, “जोरात हापस आजा, भात करपल!” आणि तो म्हणत होता, “करपल तर तुमचं, माझं पोट भरलं!” सगळा पाडा हसत होता.

त्याचं पोट भरलं होतं म्हणजे काय, हे तेव्हा मला कळलं होतं. म्हणून सांगतो, मला माहीत नव्हतं असं काहीच नव्हतं.

पुढे त्या पंपालाही खार धरला. होळी होऊन गेली होती. बावीस वर्षं झाली त्याला. पाड्यातून निरोप आला आणि मी गेलो. जोडीदार तापाने पडला होता, तर पाइप धरायला पाड्यातलीच चार माणसं घेतली. आदल्या दिवशी रानशेतला एका वाडीत काम केलं होतं. तीन पायांची घोडी उभी केली, चेनपुली अडकवली, आणि तेव्हा लक्षात आलं की तारेचा दोर रानशेतलाच राहिला. परत जाऊन आणायला अडीच-तीन तास गेले असते. फक्त तेवढेच.

आणि आणखी एक. ब्रशच्या डोक्यावरचे आटे अ‍ॅसिडने खाल्ले होते. पाइपात जेमतेम धरत होते. हे मला सकाळीच दिसलं होतं. मी त्यांवरून अंगठा फिरवून पाहिला होता.

मग का सोडला ब्रश? हा प्रश्न मी स्वतःला इतकी वर्षं विचारतोय आणि उत्तर इतकं बारीक आहे की लिहायची लाज वाटते. सगळे बघत होते. बायका हंडे घेऊन ओळीने बसल्या होत्या. रुपजीची सून वनिता — नुकतीच लग्न होऊन आलेली — तिने मला कोरा चहा आणून दिला होता, आणि तो पिता पिता मी मोठ्याने बोललो होतो की माझ्या हातून आजपर्यंत एक बोअर मेलेली नाही. असं बोलून झाल्यावर म्हणायचं, दोर विसरलो? हत्याराचे आटे झिजलेत? नाही म्हणवलं. सोडला ब्रश.

नव्वद फुटांवर खार जाड होता. ब्रश अडला. मी माणसांना म्हणालो, फिरवा, जोर लावा. त्यांनी लावला. आणि एकदम पाइप हलका झाला.

विहिरीतून भरलेली बादली ओढताना तुमचा कधी दोर तुटलाय? हाताला जे कळतं ते कानाला नंतर कळतं. मला त्याच क्षणी कळलं. त्या चौघांना नाही कळलं, त्यांना वाटलं अडलेलं सुटलं. ते खूश झाले. “सुटला, सुटला,” म्हणाले. मी एकेक पाइप वर घेतला. शेवटचा पाइप मी कोणाला धरू दिला नाही. त्याचं तोंड गोणपाटात गुंडाळून टेम्पोत ठेवलं. आत ब्रश नाही हे कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून.

दीड तास मी हूक सोडून पाहिला. काय करताय असं कोणीतरी विचारलं. खोली मोजतोय, असं सांगितलं. ब्रशच्या डोक्याभोवती खरवडलेला खार भरून घट्ट झाला होता, हूक कशातच बसेना. अशा वेळी वापरायचं एक हत्यार असतं, पडलेल्या वस्तूचं डोकं आत घेऊन आवळणारं, घंटेच्या आकाराचं. ते वापीला भाड्याने मिळायचं. आठ दिवसांत आणून काढता आलं असतं. त्या दिवशी एवढंच बोलायचं होतं — हत्यार अडकलं, पुढच्या आठवड्यात येतो. पाड्यातलं कोण मला काय बोललं असतं? एखादी बाई पदराआड हसली असती. कोणी म्हणालं असतं, आता रे मशीनवाल्या! संपलं असतं.

मी हात पुसले आणि म्हणालो, “पाणी गेलं. खालची फट बंद झाली. बोअर मेली.”

कोणी आरडाओरडा केला नाही. एका बाईने हंडा पालथा घातला आणि त्यावर बसली. बाकीच्या माझ्याकडे बघत राहिल्या, मी अजून काहीतरी बोलेन म्हणून. मी साखळी गोळा करायला लागलो. तेव्हा रुपजी उठला. इतका वेळ तो बाजूला उकिडवा बसून होता. त्याने जमिनीवरचा एक खडा उचलला, बोअरच्या तोंडाशी गुडघे टेकले, कान केसिंगच्या, म्हणजे तोंडाशी बसवलेल्या पाइपाच्या, कडेला लावला आणि खडा आत सोडला.

ठण्‌.

इतका स्वच्छ आवाज होता तो. मलाही उभ्याउभ्या ऐकू आला.

“हा दगडाचा आवाज नाय,” रुपजी म्हणाला. त्याची बोली मला नीट लिहिता येत नाही, पण शब्द आठवतात. तो मला तू म्हणायचा. वारली माणूस सगळ्यांनाच तू म्हणतो, त्यात कमीपणा नसतो. “खडा लोखंडावर पडला. मधी काय तरी आहे. पानी कुठं नाय गेलं. तू परत बघ.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बायकांनी, त्या चार माणसांनी, दारात उभ्या असलेल्या वनिताने. आणि मी — हेच ते, हेच मी कधी कोणाला सांगितलं नाही — मी हसलो.

म्हणालो, “रुपजी, दगडावर पडलेला खडा पण असाच वाजतो. मुळात तू जागाच चुकीची दाखवलीस. वरवरचं पाणी होतं, ते इतकी वर्षं पुरलं हेच नशीब. तुझे तांदूळ जुने झाले आता.”

पाइप धरणाऱ्यांतला एक जण फिस्सकन हसला. “आजाचं तांदूळ जुनं झालं!” दुसरा म्हणाला, “सोंड पडली असल त्याच्यात!” — तांदळात किडे होतात ना, ते. मग सगळेच हसले. माणसाला इतकं वाईट वाटल्यावर हसायला काहीही पुरतं. रुपजी सगळ्यांच्या नंतर हसला. मग त्याने गुडघ्यावरची माती झटकली आणि जाऊन आपल्या जागेवर बसला.

त्याला दुसरा खडा टाकता आला असता. त्याने का नाही टाकला? मी यावर फार विचार केलाय. मी टेम्पो घेऊन आलो होतो. माझ्याकडे कंप्रेसर होता, गेज होती, खिशात लिटमसचा कागद होता. त्याच्याकडे कान होता. त्याने आपल्या कानापेक्षा माझ्या शब्दावर जास्त विश्वास ठेवला. आणि मला हे होणार हे ठाऊक होतं, त्यावरच तर मी बोललो.

अजून एक राहिलंय. हे वाईटातलं वाईट आहे की नाही, तुम्हीच ठरवा. ब्रश नव्वद फुटांवर होता. ऐंशी फुटांवर हातपंप परत बसवला असता तर पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत तो चालला असता, कारण त्या महिन्यांत पाणी तेवढं वर यायचं. अर्धं वर्ष तरी बायकांची नदी वाचली असती. हे मला तिथे उभं असतानाच माहीत होतं. पण पंप अर्धं वर्ष चालला असता तर कोणीतरी विचारलं असतं, मेलेल्या बोअरमध्ये पाणी येतं कुठून? म्हणून मी पंप बसवला नाही. तोंडावर लोखंडी झाकण ठेवलं, चार बोल्ट आवळले. चांगले आवळले.

मग नदी परत सुरू झाली. झिरे परत सुरू झाले. पावसाळ्यात गढूळ पाणी, फेब्रुवारीपासून वाटीवाटीने पाणी. हे मी डोळ्यांनी पाहिलं नाही, कारण त्या बाजूला जाणंच मी बंद केलं. झरीच्या पुढचं काम आलं की गुडघ्याचं निमित्त सांगायचो. गुडघे तेव्हा ठणठणीत होते.

पण ऐकू यायचंच. वर्ष-दीड वर्षाने तलासरीच्या बाजारात एका मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर उभा होतो. दुकानदाराला एक फोन काही केल्या चालू करता येईना. त्याचा दोस्त बाजूला वडापाव खात होता, तो म्हणाला, “सोड रे, तुझं पण आता रुपजीचं तांदूळ झालं!” दोघे हसले. मी विचारलं, म्हणजे काय? त्यांना ठाऊक नव्हतं. “असंच बोलतात, काका. ज्याचं काम बिघडलं त्याला बोलतात.” रुपजी कोण तेही त्यांना माहीत नव्हतं. मी बोललेलं एक वाक्य पाड्यातून निघून बाजारात येऊन राहिलं होतं, आणि आता ते कोणाचंच नव्हतं.

त्यानंतर रुपजीला कोणी पाणी दाखवायला बोलावलं नाही. आधी लांबून, उंबरगावकडूनही माणसं न्यायला यायची. तोही कोणाकडे गेला नाही. नव्या भाताचा पहिला हंडा कोण भरतं, हे मी विचारलं नाही.

तो मला एकदाच भेटला. पाच-सहा वर्षांनी. टाळायचा म्हणून टाळलेला रस्ता एक दिवस घ्यावा लागला, आणि उन्हात समोरून तो येताना दिसला. खांद्यावर कावड, दोन्ही बाजूंना तेलाचे पत्र्याचे डबे, पाण्याने भरलेले. टेम्पो पाहून थांबला. मला ओळखलं. मी उतरलो — न उतरून कसं चालेल? त्याचा खांदा एका बाजूला कायमचा खाली गेला होता. मी विचारलं, हे तू का करतोस, घरात सून आहे, मुलगा आहे. तो म्हणाला, घरासाठी नाही. पाड्यात ज्या म्हाताऱ्या बायकांना नदीपर्यंत जायला होत नाही त्यांच्यासाठी रोज दोन खेपा घालतो. “मी चुकीची जागा दाखवली,” म्हणाला. “त्यांनी त्या पानीवर भरोसा ठेवला. मग आता मीच आणायला पायजे ना?”

असं बोलला, जसं काही हवापाण्याचं बोलावं.

मग त्याने डबा खाली ठेवला, करवंटीने पाणी काढलं आणि मला दिलं. “पी. ऊन लई आहे.” मी प्यायलो. तो म्हणाला, “तू तेव्हा तोंडावर खरं बोललास. दुसरा कोण नसता बोलला. मी म्हातारा होऊन पण लोकांना चुकीचं दाखवत फिरलो असतो. तू खरा माणूस आहेस.”

तिथे रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं. मी, तो, आणि पुढचं वळण. टेम्पोत मागे ते घंटेसारखं हत्यार पडलेलं होतं, त्या वर्षी मी ते विकतच घेतलं होतं. त्याला गाडीत बसवून पाड्यावर नेलं असतं आणि संध्याकाळपर्यंत… मला सगळं सांगायला दहा शब्द पुरले असते. करवंटी परत दिली. म्हणालो, “चल, येतो.” तो म्हणाला, “ये कधी घरी.”

मी गेलो नाही. तो गेला, सहा वर्षांपूर्वी. मला दोन महिन्यांनी कळलं.

गेल्या उन्हाळ्यात मी परत त्या पाड्यावर गेलो. डहाणूत एक जण आता बोअरमध्ये सोडायचा कॅमेरा भाड्याने देतो. तो घेतला, एक टेम्पोवाला घेतला, हत्यार घेतलं. मुलाला सांगितलं, जुनं काम बघून येतो. मनात ठरवलं होतं की ब्रश निघाला आणि खाली पाणी दिसलं तर सगळ्यांसमोर सांगायचं. बघा — शहात्तराव्या वर्षीही मी अट घातली होती. पाणी मिळालं तरच खरं बोलणार होतो.

पाड्यात आता नळ आलेत. नळ म्हणजे घरासमोर उभा केलेला पाइप आणि त्याला तोटी. पाणी कधी येतं, बरेचदा येत नाही. मार्च लागला की हंडे परत नदीकडे. वनिता आता चाळिशी ओलांडलेली बाई आहे, केस पांढरे व्हायला लागलेत. तिने मला ओळखलं आणि खाट टाकून दिली. झाकणाचे बोल्ट गंजून गेले होते, छिन्नीने तोडावे लागले. कॅमेरा सोडला. ती माझ्या मागे उभी राहून लहानशा पडद्याकडे बघत होती. चार-पाच बायका अजून जमल्या.

साठ फूट. सत्तर. भिंती पांढऱ्या होत गेल्या. नव्वदच्या जरा वर कॅमेरा थांबला. खाली रस्ताच नव्हता. माझा ब्रश खाराने पूर्ण झाकून गेला होता — तारा नाहीत, दांडा नाही, एकजीव पांढरा गोळा, भिंतीत मिसळलेला. जणू दगडच तिथे वाढला होता. मी हत्यार सोडलं. ते नुसतं घसरलं. दोनदा, तीनदा. टेम्पोवाला म्हणाला, “काका, हे नाही निघायचं, हे मुरलंय.” त्याचं बरोबर होतं. एवढ्या वर्षांत वरच्या फटींची तोंडंही तशीच बुजली असणार. आता तिथे खरंच काही होण्यासारखं नव्हतं. बोअर मेली, असं मी त्या दिवशी बोललो ते खोटं होतं. ते खोटं इतकी वर्षं तिथे बसून बसून खरं झालं होतं.

वनिताने पडद्यावर बोट ठेवलं. “तो पांढरा काय आहे, काका?”

मी म्हणालो, “दगड.”

ती बाकीच्या बायकांकडे वळून म्हणाली, “म्हणजे आमचा म्हातारा चुकलाच होता तेव्हा. मरेपर्यंत तो आवाज आठवायचा. म्हणायचा, लोखंड वाजला होता ग, लोखंड. मग आपणच म्हणायचा, नाय, मी चुकलो असन.” आणि मला विचारलं, “चुकलाच ना?”

मी हो म्हणालो.

तिने चहा केला. मी प्यायलो आणि मसोलीला परत आलो.

तो दगड नव्हता. तो चार फुटांचा लोखंडी ब्रश होता, माझा, माझ्या निष्काळजीपणाने सुटलेला. रुपजीने दाखवलेली जागा बरोबर होती आणि त्याने ऐकलेला आवाजही बरोबर होता. खाली पाणी होतं. वनिताला हे मी अजून सांगितलेलं नाही.